कोल्ह्याचा बटाटा आणि सासूबाईंचे पाय

तीर्थस्वरूप एर्मेलिंदा आत्या यांस,

भाची निकोलासा हिचे दोन्ही गुडघे टेकून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? गेल्या खेपेस डावा दुखत होता. आता उजव्यानेही त्याला साथ द्यायचं मनावर घेतलंय, असं दूधगाडीवाल्या फाउस्तिनोकडून कळलं. करडी लामा व्याली का? इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत (पत्राच्या सुरुवातीला असं लिहायचं असतं म्हणून लिहिलं; मनावर घेऊ नका). फोनच केला असता, पण फोनवर फक्त मयताच्या बातम्या येतात म्हणून तुम्ही तो उचलत नाही. या वेळी तुमचं फार काही चुकलं नसतं.

पत्रास कारण की, मी घाबरले आहे. त्यात नवीन ते काय, असं तुम्ही म्हणाल. खरं आहे. लहानपणी तुमच्याकडे असताना मी बटाट्यांच्या कोठीत एकटी जात नसे, आणि वीज कडाडली की तुमच्या घागऱ्यांत शिरत असे (एकावर एक घातलेल्या सगळ्या घागऱ्यांच्या अगदी आत, कारण बाहेरच्या एक-दोन घागऱ्यांवर माझा विश्वास नव्हता). बांधावर आपोआप उगवणाऱ्या त्या करंगळीएवढ्या बटाट्यांना तर मी शिवतही नसे. "तो कोल्ह्याचा बटाटा," तुम्ही सांगायचात, "हात लावलास तर कोल्हा अक्कल घेऊन जाईल." पुढे मी शिकले, डॉक्टर झाले, आणि उभा जन्म कोल्ह्याच्या बटाट्यांना हात लावण्यातच घालवला. कोल्ह्याने काय नेलं ते आता तुम्हीच ठरवा. पर्सी चारचौघांत सांगतो, "माझी बायको बटाट्यांची लग्नं जुळवते." साफ खोटं. लग्नं हजारो वर्षांपूर्वीच लागली आहेत. आपल्या शेतातल्या बटाट्याने कुठल्या रानटी पूर्वजाकडून काय उचललं, त्या जुन्या भानगडी उकरणं एवढंच माझं काम. असल्या कामात भीती कसली, असं मलाही वाटलं होतं. म्हणून तर ते धरलं.

पहिल्याच हंगामात मी पार वरच्या एका गावात पानं गोळा करायला गेले. अंगात पांढरा डगला, हातात बर्फाची पेटी, पेटीत काचेच्या नळ्या. गावकऱ्यांनी लांबून बघितलं आणि चरबी काढणारी आली म्हणून शिट्ट्या फुंकल्या. आता माणसाला भूल घालून त्याची चरबी काढून नेणाऱ्या परक्याला आपल्यात कोण भीत नाही? मीही भिते. त्यामुळे आरडाओरडा ऐकताच मीसुद्धा त्यांच्याबरोबर पळत सुटले, त्यांच्याबरोबरच गावच्या सभाघरात शिरले आणि दाराला कडी घालायला मदतही केली. मग हळूहळू सगळ्यांच्या लक्षात आलं की चरबी काढणारीला आपण आतच घेतलंय. "पेटीत काय आहे?" एका म्हातारीने विचारलं. पानं, म्हटलं. "कसली?" कोल्ह्याच्या बटाट्याची. म्हातारीने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "सोडा हिला," ती म्हणाली, "चरबी काढणारी इतकी खुळी नसते. सूप द्या बिचारीला." माझ्या संशोधनाबद्दल इतक्या मायेने त्यानंतर कोणी बोललेलं नाही.

त्याच गावाच्या वर, ओढ्याच्या दरडीवर, दगडांच्या खाचेत मला ते झाड सापडलं. हिवाची सकाळ होती, भोवतीचं गवतसुद्धा काळवंडलं होतं, आणि हे आपलं जांभळ्या देठांनिशी टवटवीत उभं. जनुकं तपासली. आत्या, आपला कडू बटाटा पांढऱ्या हिवात तग धरतो, ती ताकद ज्याने दिली तो हा आजोबा! निदान मी तसं लिहिलं, छापलं, आणि भर सभेत लिमाच्या डॉक्टर ओलाएचेआंनी उठून (यांच्या मिशांना सगळं खातं भितं) शांतपणे सांगितलं, "बाई, हा आजोबा नव्हे. हा कुणाच्या तरी शेतातून पळालेला नातू आहे. हिवात दोन रात्री टिकणार नाही." सभा हसली. मीही हसले, भीतीने.

पुढच्या पावसाळ्यात दरड कोसळली आणि ते दगड, ती खाच, सगळं ओढ्यात गेलं. दुसरीकडे शोधून शोधून थकले, कुठेच नाही. उरली फक्त त्याच झाडाच्या कंदांपासून माझ्या कुंड्यांत वाढवलेली रोपं. बी का धरलं नाही, असं डॉक्टरांनीही विचारलं. पण या जातीचा हट्ट असा की स्वतःच्या परागावर बी धरायचं नाही. सोयरीक परक्याशीच हवी, आणि परकं कुणी शिल्लकच नव्हतं. आमच्या संशोधन संस्थेत काचेच्या नळ्यांत रोपं जपली होती, ती वीज गेली तेव्हा बुरशीने खाल्ली. मग मात्र मी हाय खाल्ली. विजेची भीती, उंदरांची भीती, झाडलोट करणाऱ्यांची भीती. शेवटी राहिलेले सगळे कंद घरी आणले. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तो माझ्या घरात आधीच राहत होता.

म्हणजे सासूबाई, दोन्या एउदोसिया. आमचं कसं आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. लग्नाआधी रीतीप्रमाणे त्यांनी माझ्यापुढे तो गाठीगाठींचा 'सुनेला रडवणारा' बटाटा सोलायला ठेवला होता. मी सोलण्याआधी त्याची एक चकती कापून नळीत घातली. त्यांनी तेव्हाच पर्सीच्या कानात विचारलं होतं, "ही आजारी आहे का रे?" पण बाई कामाला वाघ. आता डॉक्टर ओलाएचेआ येत्या गुरुवारी जातीने येऊन कंद आपल्या हाताने लावणार, झाड हिवात ठेवून बघणार, आणि टिकलं नाही तर मी माझं लिहिणं मागे घ्यायचं, असं ठरायचं होतं. ते ठरवायला मला लिमाला जाणं भाग पडलं. कंद उन्हात हिरवे पडले की कोंब जाड येतात, म्हणून मी ते मागच्या अंगणात पेंढ्यावर पसरले होते. निघताना म्हटलं, "सासूबाई, अंगणातल्या बटाट्यांचं जरा बघा."

आता तुम्हीच सांगा आत्या. जून महिना, ऐन थंडी. रात्री पांढरं हीव. अंगणात पेंढ्यावर पसरलेले बारीक, कडू बटाटे. आपल्याकडची कुठली बाई त्यांच्याकडे नुसती बघत बसेल?

मी परत आले तेव्हा सासूबाई घागरा वर खोचून, अनवाणी पायांनी माझं संशोधन तुडवत होत्या. गोठवून झालं होतं, उन्हं देऊन झाली होती, आता पाणी काढायचा शेवटचा हात (म्हणजे पाय) चालला होता. चुन्यो! वर्षानुवर्षं टिकणारा वाळवलेला बटाटा, आणि इतका काळाभोर, खुटखुटीत चुन्यो मी जन्मात पाहिला नाही. "आलीस?" त्या धापा टाकत म्हणाल्या. "कसले गं हे बारके बटाटे! बोटांच्या फटीत जात होते मेले. पण एक सोडला नाही."

"एकही नाही?"

"एकही नाही. सोपवलेलं काम मी अर्धवट टाकत नसते. शिकलेली नाही मी तुझ्यासारखी."

मी तिथेच पेंढ्यावर बसले. त्या घाबरल्या. "काय झालं गं? लिमात कुणी गेलं का?" मी म्हटलं, गेलं.

पर्सीने रात्रभर माझी समजूत घातली. जनुकं चुन्योतही असतातच की, नळीत घाल, मिळतील. मिळतील, मला माहीत आहे. पण चुन्यो काही रुजत नाही; पणजोबांच्या फोटोतून पणजोबा परत येत नाहीत. सासूबाईंना सगळं कळल्यावर त्या चुलीपाशी तोंड फिरवून रडल्या, मग डोळे पुसून म्हणाल्या, "गुरुवारी त्या डॉक्टरला याचंच सूप घालते. पोट भरलेला माणूस वाद घालत नाही." म्हणजे ज्या आजोबांचं अस्तित्व डॉक्टरांना मान्य नाही, त्यांना ते चमच्याने खाणार.

आत्या, थट्टा पुरे. नोकरीची, डॉक्टरांची, हसणाऱ्या सभेची भीती मला नेहमीचीच आहे. ती नसली तर करमणार नाही. ही भीती निराळी आहे. आपल्या आजे-पणज्यांनी पहिला बटाटा लावला त्याआधीपासून ते झाड त्या दगडांत हिवाशी झगडत होतं, आणि ते संपलं ते माझ्या अंगणात, माझ्या काळजीमुळे. असो. गुडघ्याला जपा, थंडीत ओढ्यावर जाऊ नका.

तुमची भित्री भाची,
निकोलासा

ता. क. एक सहज विचारायचं होतं. कार्निव्हलला तुम्ही आमच्याकडे आला होतात, तेव्हा खिडकीतल्या टोपलीतले थोडे कंद कमी झाले होते. कोण म्हणेल तुम्ही घेतलेत? पण कुणाच्याही घरून तुमची शाल कधी रिकामी गेलेली नाही, आणि चोरलेलं बियाणं जास्त रुजतं हे तुमचंच म्हणणं. त्या वेळी टोपलीवरून या घरात कुणीतरी फार मोठ्याने ओरडलं होतं म्हणे. कोण ते आठवत नाही. तुम्ही खरंच चोरी केली असेल, एवढीच आता सांता मारियाकडे प्रार्थना आहे. हे सगळं पत्र मी तेवढ्यासाठीच लिहिलं.

ता. क. दुसरा. गिनीपिगांना घातले असतील तर गुरुवारपर्यंत कळवू नका.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवत होते, तेवढ्यात फाउस्तिनो दारात. तुम्ही पाठवलेलं गाठोडं त्याने दिलं. आत चुन्यो! करंगळीएवढा, काळाभोर. "आत्याबाई म्हणाल्या," फाउस्तिनो सांगू लागला, "बटाटे फार कडू निघाले, म्हणून तुझे तुला वाळवून पाठवलेत. आता त्यावरून पुन्हा ओरडू नकोस." तो गाडीकडे वळला आणि वळता वळता म्हणाला, "हां, आणखी एक. एक राहिला होता तो त्यांनी गिनीपिगांच्या खुराड्यामागे खोचला. त्याचं झाड झालंय, जांभळ्या देठांचं. परवाच्या हिवात परसातलं सगळं जळालं, शेंगा, कांदे, शेजारणीची ओकाच्या कंदांची रोपंसुद्धा, आणि ते मेलं तेवढं हिरवंगार. आत्याबाई म्हणतात हे काही बरं लक्षण नाही, त्यांना त्याची भीती वाटते. उद्या सकाळी उपटून ओढ्यात टाकणार आहेत."

आत्या, फाउस्तिनोची गाडी उभी आहे, पर्सी बर्फाची पेटी भरतोय, सासूबाई पायात चप्पल न घालताच पुढे बसल्यात. पत्र मीच घेऊन येतेय. तुम्ही दारात याल तेव्हा ते तुमच्या हातात देईन, पण आधी खुराड्यामागे धावेन, रागावू नका. घाटात गाडी दरीकडून चालते. या वेळी डोळे मिटून घेणार नाही. भीती वाटली तर वाटू द्या, आत्या, ते झाड तुमच्या सगळ्या घागऱ्यांत लपवा हवं तर, पण उपटू नका.