मेलेल्या वामीची शिवण

वडगाव, बेळगाव
तुळशीच्या लग्नाचा दुसरा दिवस, १९३८

प्रिय जोतिबा,

सगळ्यात आधी माझी एक गंभीर तक्रार ऐकून घे. वडगावातल्या मांजरांनी माझ्याविरुद्ध कट केला आहे. मी मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलो की दारात त्यांची पंगत बसते, आणि घराबाहेर पडलो की वरात निघते. परवा आरतीला उभा होतो, तर एक बोका माझ्या धोतराला अंग घासत थेट गाभाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत आला. पुजाऱ्यानं बोक्याकडं बघितलंच नाही, माझ्याकडं बघितलं. चार माणसांत मान असलेल्या गृहस्थानं हे किती सोसायचं? कलेक्टरसाहेबाला अर्ज करणार होतो, पण अर्जात कारण लिहावं लागतं, आणि कोष्ट्याच्या अंगाला वामीचा वास का येतो हे साहेबाला कुठल्या कलमाखाली समजवायचं? बायाक्का माझीच बायको असून म्हणते, अर्ज मांजरांनीच करायला पाहिजे. बिचाऱ्यांना नुसता वास मिळतोय, मासा न्हाई.

असो. राजाबाई वहिनींचं पत्र पोचलं. आषाढात तुझा उजवा हात लुळा पडला, हे मला कार्तिकात कळावं आणि तेही तुझ्या बायकोकडून, याबद्दल तुला काय म्हणायचं ते समोर आल्यावर म्हणेन. कागदावर लिहिण्यासारखं नाही. वहिनी लिहितात की दुकान आता लेक आणि जावई बघतात, तू दिवसभर ओट्यावर बसतोस, आणि बसतोस ते दर्याकडं पाठ करून. गळ आणि दोर कुणाला तरी देऊन टाका म्हणालास म्हणे. 'तम्मण्णा भावजी, तुम्हाला हवेत का?' असं त्यांनी विचारलंय. या प्रश्नाचं उत्तर मी देणार आहे, पण माझ्या सवडीनं.

वेंगुर्ल्याला तुझ्याकडं पहिल्यांदा आलो तेव्हाचं तुला आठवतं का? तू वडगावचा माग सोडून, लुगडी विकता विकता तिथलाच जावई होऊन बसला होतास. मी दिवाळीनंतर गाडीतून लुगड्यांचे गठ्ठे घेऊन घाट उतरलो, आणि तुझ्या सांगण्यावरून गळाला लावायला मार्कंडेय नदीतल्या वामी मिठात घालून मडक्यातून आणल्या. तुझं म्हणणं असं की समुद्रातल्या रावसाला समुद्रातलं खाऊन कंटाळा येतो. घाटावरचा पाहुणा दिसला की तो मान वळवून बघतोच. मडकं आंबोलीच्या वळणावर कलंडलं आणि सगळ्या गठ्ठ्यांना वास लागला. मी डोक्याला हात लावला. पण तुझ्या गावच्या बायकांनी लुगडी हातोहात नेली. एक म्हातारी तर वास घेऊन म्हणाली, 'हां, हे आपल्यातलं दिसतंय.'

मग ती पुळण. तू गुडघाभर पाण्यात, मी कोरड्या वाळूत पंडितासारखा. मेलेली वाम काठीसारखी ताठ असते, तशीच फेकली तर मासा तिच्याकडं ढुंकून बघत नाही, म्हणून तू तिचा कणा बोटांनी ठिकठिकाणी मोडून तिला सैल करायचास. पाठीवरचे काटे चुकवत दाभणानं दोर तोंडातून पोटात, पोटातून बाहेर, गळ पोटाशी, आणि तोंड टाके घालून बंद, नाहीतर पाणी भरून ती भिंगरीसारखी फिरते. मी म्हणालो, टाके घालायला कोष्ट्याला काय शिकवतोस? आणि कमरेला होता तो ताण्याचा दोरा काढून, आपली नेहमीची सांधायची गाठ मारून, ऐटीत वाम शिवली. खळ दिलेला दोरा तो! कोरडा असेतो तारेसारखा कडक. पाण्यात खळ विरघळली, गाठ ढिली झाली, आणि पहिल्याच लाटेला माझी वाम गळ सोडून गोव्याच्या दिशेनं चालती झाली. तू वाळूत लोळून हसलास. 'तम्मा, अरं, नांदायला गेली की रं ती!' मग माझ्या शेजारी उकिडवा बसलास आणि बिनखळीचा दोरा ओला करून, माझी बोटं तुझ्या बोटांत धरून, गाठ शिकवलीस. लाट मागं गेली की ती शिवलेली वाम अशी वळवळायची की मेलेली कोण आणि जिवंत कोण असा प्रश्न पडावा.

इकडं विशेष काही नाही. सूत महागलंय, शहापूरचे व्यापारी लुगड्याला नावं ठेवतात आणि ठेवून घेतात. चष्मा लागला. दर वर्षी दिवाळीनंतर पायांना घाटाची खाज सुटते, ती तेवढी अजून गेली नाही.

आता उत्तर. मला गळ नकोत. वहिनींना सांग, कुणालाच द्यायचे नाहीत. त्यांचं पत्र आलं त्या दिवसापासून मी रोज माग सुटल्यावर उजवा हात पंच्यानं पाठीशी बांधून परसात बसतो आणि वाम शिवतो. पहिले काही दिवस बायाक्काला वाटलं, मला बाहेरची बाधा झालीय; तिनं लिंबूसुद्धा उतरवून टाकलं. पण जमतं, जोत्या. आपण पायानं मागाच्या पावड्या चालवणारी माणसं, आपले पाय काय नुसते चालायला दिलेत व्हय? वामीचं डोकं डाव्या पायाच्या अंगठ्यात धरायचं, शेपटाकडचं अंग उजव्या टाचेखाली. दाभण डाव्या हातात. गाठीचं एक टोक दातात, आणि मान मागं घ्यायची. हातानं ओढण्यापेक्षा घट्ट बसते. कणा मोडायला गुडघा पुरतो. दोर फेकायला तुझा जावई आहे, दंड बैलासारखे आहेत असं तूच लिहिलं होतंस. आणि मासा लागला की तो बोटाला कळतो. ते बोट डाव्या हातालाही आहे. सावंतवाडीच्या मोटारीनं मडकं पाठवलंय. आत खारवलेल्या वामी आहेत. बिनखळीचा दोरा वेगळा बांधलाय. पंधरवड्यात मी येतोय. शिवून पाठवणार होतो, पण एकही शिवलेली नाही. तू मला एकदा शिकवलंस, मी तुला एकदा शिकवलं. तो हिशेब इथंच मिटला. शिवायच्या तुलाच आहेत.

तुझाच,
तम्मण्णा