गच्चीच्या जॉइंटमधले एकोणीस फूट सिमेंट

प्रति,
मा. सचिव (श्री. दत्तात्रय मुंगी),
नवमाळवा गृहनिर्माण सहकारी संस्था,
नानाखेडा, उज्जैन.

अर्जदार : कु. अंबिका श्रीपाद पागे, इयत्ता अकरावी, ब विंग, दुसरा मजला.

विषय : गच्चीच्या भेगा व दोन विंगांमधला जॉइंट भरण्याचा खर्च चार घरांकडून वसूल न करणे, आणि गच्चीची किल्ली परत मिळणेबाबत.

संदर्भ : दि. ३ ऑगस्ट २०२५ च्या सर्वसाधारण सभेतील आपला तोंडी आदेश : "जे काय बोलायचंय ते लेखी दे. आणि धड मराठीत दे, अर्धं हिंदी नको."

महोदय,

१. सविनय सादर करण्यात येते की, सदर अर्जदार ही संस्थेतील 'झपाटा' या दोरीउडी संघाची स्वयंघोषित कर्णधार आहे. (निवडणूक झाली नव्हती. अर्जदार सर्वांत मोठ्याने बोलते, एवढ्यावरच पद मिळाले.) संघात मुक्ता, इशिता, मानसी व अर्जदार अशा चौघी आहेत. दोघी दोन लांब दोऱ्या फिरवतात, दोघी मधे उड्या मारतात. चौथी नसेल तर खेळच उभा राहत नाही. संभागीय (म्हणजे विभागीय) स्पर्धा २७ सप्टेंबरला आहे.

२. जुलैच्या पावसात आपल्या स्वयंपाकघराचे छत गळू लागले व पाणी नेमके तूरडाळीच्या डब्यात पडले, याबद्दल अर्जदारास खेद आहे. आपण गच्चीवर येऊन भेगा पाहिल्या आणि "या पोरींच्या धबाधब उड्यांनी स्लॅब फाटला" असा निष्कर्ष काढून त्याच संध्याकाळी कुलूप लावले. ठेकेदाराने अख्ख्या गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचे शेहेचाळीस हजार सांगितले. ते चार मुलींच्या चार घरांत वाटून प्रत्येकी साडेअकरा हजार, अशी नोटीस लागली.

३. सभेत अर्जदार उभी राहिली. या वर्षीपासून तिला उभे राहण्याची सवयच लागली आहे. "काका, उड्यांनी स्लॅब फाटत असता तर शाळेचा वरचा मजला केव्हाच खाली आला असता, मी सिद्ध करून दाखवते," असे ती बोलून गेली. आपण म्हणालात, "अगं, मी बत्तीस वर्षं वीज मंडळात काढलीत, मला भेगा शिकवतेस?" मागून सौ. काकू म्हणाल्या, "अहो, शिकवू द्या की, फुकट तर आहे." त्यावर आपण रोज पंधरा मिनिटे निरीक्षणासाठी किल्ली देण्याचे मान्य केले. आपल्या या मोठेपणाची नोंद अर्जदार येथे मुद्दाम घेत आहे, कारण पुढे तिला त्याची गरज पडणार आहे.

४. देवास गेटच्या बाजूला बसणारे बापू मिस्त्री यांनी सांगितले की भेग हलते का हे पाहायचे तर तिच्यावर काचेची पट्टी प्लॅस्टरने आडवी चिकटवायची. भेग हलली की काच तडकते. अर्जदाराने वक्तृत्व स्पर्धेतील स्वतःच्या तृतीय क्रमांकाच्या प्रमाणपत्राची फ्रेम फोडून पट्ट्या केल्या. (स्पर्धेत स्पर्धक तीनच होते.) पाच भेगांवर आणि तुलनेसाठी भेग नसलेल्या तीन जागी अशा आठ पट्ट्या लावल्या, प्रत्येकीजवळ खडूने क्रमांक घातला, वहीत रकाने आखले. पहिल्या आठवड्यात एकही काच तडकली नाही. स्लॅब फाटत नाहीच, असे समजून अर्जदाराने चार दिवस हवेत काढले व इशिताला "माझ्यावर पुढे पुस्तक निघेल" असेही सांगितले.

५. दि. २४ ऑगस्ट, रविवार. तीन दिवस उघडीप होती, ऊन कडक होते. गच्चीला महिनाभर कुलूप, म्हणजे उड्या शून्य. तरीही संध्याकाळी पाहते तो पाच पट्ट्या तडकलेल्या! अर्जदार जिन्यावरून ओरडतच खाली आली : उड्यांनी नव्हे, उन्हाने! मुली निर्दोष! पहिला अर्ज त्याच रात्री लिहून झाला होता. तो फार सुंदर होता. त्यात 'अन्याय' हा शब्द सात वेळा होता.

६. तो अर्ज आपल्याला मिळाला नाही, याचे कारण पुढीलप्रमाणे.

खर्चाचा खरा अंदाज जोडावा म्हणून अर्जदाराने बापू मिस्त्रींना वर नेले. त्यांनी दोन विंगांमधला जॉइंट पाहिला, वाकले, नखाने खरवडले आणि विचारले, "ये किस गधे ने ठूँसा है?" अर्जदार म्हणाली, "क्यों काका, दरार ही तो भरी है." ते म्हणाले, "बेटा, ये दरार नहीं है. बनाने वाले ने जगह छोड़ी है. धूप में छत फैलेगी तो जाएगी किधर?" (आपला धड मराठीचा आदेश लक्षात आहे, परंतु साक्षीदाराचे म्हणणे बदलता येत नाही.) "तर मग हे भरलं कुणी?" या अर्थाने त्यांनी पुन्हा पाहिले. अर्जदार म्हणाली, "पता नहीं, काका."

७. महोदय, अर्जदाराला पता होते.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे १५ जानेवारीला, सगळे आदल्या दिवशीच्या पतंगांनी थकून झोपले असताना तिने तो जॉइंट स्वतः भरला. दोरी फिरताना तिचा जमिनीला लागणारा मधला भाग दर चौथ्या फेऱ्याला त्या फटीत अडकत असे आणि मोजणी तुटत असे. तिने कुणाला विचारले नाही. बाकी तिघींनाही सांगितले नाही, 'सरप्राइज' द्यायचे होते. विटांचे तुकडे घट्ट ठोकून बसवले, वर जिन्याखाली पडलेले संस्थेचेच पांढरे सिमेंट वाळूत कालवून थापले. बत्तीस फुटांपैकी एकोणीस फूट झाल्यावर सिमेंट संपले. त्या रात्री जेवताना तिने आपण सिव्हिल इंजिनिअर होणार असे जाहीर केले व वडिलांनी कौतुकाने जलेबी आणली. ती तिने एकटीने खाल्ली.

८. आता वहीतले रकाने. तडकलेल्या पाचही पट्ट्या त्या एकोणीस फुटांच्या आजूबाजूला आहेत. उरलेल्या तेरा फुटांत जॉइंट मोकळा आहे, तिथे भेग नाही, काच शाबूत. जिथे अर्जदाराचे सिमेंट संपते, अगदी तिथेच भेगाही संपतात. एवढा स्वच्छ पुरावा तिला विज्ञान प्रदर्शनात कधी मिळाला नव्हता. शिवाय ओल्या सिमेंटमध्ये तिने खिळ्याने 'अं. श्री. पा.' असे कोरून तारीखही घातली होती. गुन्हा करून खाली सही करणारी आरोपी वीज मंडळात बत्तीस वर्षांत आपण पाहिली नसावी.

९. तरीही अर्जदार बारा दिवस गप्प बसली, हे लिहिणे भाग आहे. नोटीस लागल्यावर इशिताचे, मानसीचे आणि अर्जदाराचे वडील जिन्यात उभे राहून भरपूर बोलले आणि एक रुपयाही भरला नाही. भरला तो फक्त मुक्ताच्या आईने, शैलामावशींनी. त्या एकट्या आहेत, घरी फॉल-पिकोचे काम करतात. "आपल्याला कुणाचं ऐकून घ्यायचं नाही," म्हणत त्यांनी चार हजारांचा पहिला हप्ता दिला आणि मुक्ताला संघातून काढले. मुक्ताने आपली दोरी आणून अर्जदाराच्या दारात ठेवली. म्हणाली, "मला नाहीतरी कंटाळाच आला होता गं."

परवा अर्जदार आईचा परकर घेऊन त्यांच्याकडे गेली. मुक्ता मशीनवर बसली होती. मान खाली घालून शिवत राहिली. पण मशीनच्या पायडलवर तिचा पाय चालला होता तो 'झपाटा'च्या मोजणीत, चार सावकाश, आठ जलद. अर्जदार परकर तिथेच टाकून घरी आली आणि पहिला अर्ज तिने फाडला.

१०. सबब विनंती अशी की,

(अ) शैलामावशींचे चार हजार त्यांना परत करावेत. आधी हे. बाकीचे मागाहून झाले तरी चालेल.

(आ) शेहेचाळीस हजारांचे काम रद्द करावे. बापू मिस्त्रींच्या मते जॉइंट साफ करून आत फोमची दोरी बसवायची व वर लवचिक सीलंट भरायचे, बत्तीस फुटांचे २,७२० रुपये. भेगा भरण्याचे १,८४५. जॉइंटमध्ये सीलंट बांधकामापासून कधी भरलेच नव्हते, तेव्हा ते संस्थेकडे असावे असे अर्जदार अगदी हळू आवाजात सुचवते. भेगा तिच्या. तिच्याकडे नव्या दोरीसाठी साठवलेले १,३०० आहेत. उरलेले वडिलांकडून मिळतील. त्यांना अजून काही माहीत नाही, तरी आपण हा अर्ज नोटीस बोर्डावर निदान उद्या संध्याकाळपर्यंत लावू नये.

(इ) जॉइंटमधले स्वतःचे जुने सिमेंट अर्जदार स्वतःच छिन्नीने फोडून काढेल. मजुरी नको. बापू मिस्त्री शेजारी बसून "और ठूँसो" असे म्हणणार आहेत, त्यांनाही मजुरी नको.

(ई) बाकी तिघींचा दोष नाही, असे संस्थेच्या शिक्क्याचे पत्र मुक्ताच्या नावे द्यावे. अर्जदाराने स्वतः सांगितले तर मुक्ता म्हणेल, "अंबे, तू माझ्यासाठी खोटं बोलतेस." शिक्क्यावर तिचा विश्वास बसेल.

(उ) गच्चीची किल्ली शैलामावशींच्या हातात द्यावी. अर्जदाराच्या नको. वर जाताना मुक्ता पुढे असेल, अर्जदार छिन्नी घेऊन सगळ्यांच्या मागून येईल.

आपली नम्र, आणि या खेपेस खरोखरच नम्र,

(सही)
अंबिका श्रीपाद पागे
माजी कर्णधार, झपाटा

उज्जैन, दि. ८ सप्टेंबर २०२५

सोबत :
१. निरीक्षणांची वही (मागच्या पानांवर अर्जदाराने सहीचा सराव केला आहे, ती कृपया पाहू नयेत)
२. तडकलेल्या काचा, पाच, जपून उघडाव्यात
३. सिमेंटमधील 'अं. श्री. पा.' चा फोटो
४. बापू मिस्त्रींचा अंदाज, बिडीच्या पाकिटाच्या मागे
५. रोख १,३०० रुपये
६. मुक्ताची दोरी. पत्र देताना हीसुद्धा द्यावी.