चाटू छान आहे

सोमवार, १२ जानेवारी

चिमे,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे खुशाल. तुझ्या वहिनीचा गुडघा कुरकुरतो, पण तोंड शाबूत आहे. दाजींना नमस्कार, भाचीला पापा.

तू एकोणतीसला येतेस हे वाचून वहिनीने घर डोक्यावर घेतलंय. अकरा वर्षांनी येतेस, बाई! तुझी गादी उन्हात टाकली, तुझ्या खोलीच्या खिडकीला नवी कडी बसवली. भाचीने पत्राखाली काढलेलं 'मामाकडचा चाटू' हे चित्र भिंतीला लावलंय. मिशा जरा जास्तच झाल्यात.

धंद्याचं म्हणशील तर न विचारलेलं बरं. नदीत सकर माशाने उच्छाद मांडलाय. तोच, टाकीची काच चाटणारा. जाळं ओढलं की दहात आठ तेच. अंगाला चिलखत, काटे असे की सोडवता सोडवता बोटं आणि जाळं दोन्ही फाटतात. काठ पोखरतो, आपल्या माशांची अंडी फस्त करतो, आणि खायला कुणी फुकट नेत नाही. त्यात आम्ही दीडशहाणे! बाबांचा नियम पाळत बसलो, 'पोटात जायचा नाही त्याला पाण्यात जाऊ दे.' घाटावरचे सगळे जाळेवाले इतकी वर्षं तो परत नदीतच टाकत होते. मत्स्य खात्याच्या बाई आल्या, त्यांनी कपाळावर हात मारला. आता सापडला की काठावर खड्ड्यात पुरायचा, असा त्यांचा हुकूम.

बाईंनी विचारलं, "पूर्वी इथे कुणी हा मासा पाळला होता का?" मी म्हटलं, "नाही बुवा." तुझ्या वहिनीने मला कोपराने ढोसलं.

चिमे, आता लिहूनच टाकतो. तू पाळलेला चाटू टाकीत नाही.

तू बाबांशी भांडून गेलीस त्याच्या दुसऱ्याच महिन्यात टाकी गळायला लागली. सकाळी बघतो तर बोटभर पाणी आणि त्यात हा कल्ले उडवतोय. मारवेना. बादलीत घातला, घाटावर नेला, सोडला. वाटलं, सुटला बिचारा. काल बाईंना खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "एकट्याने नदी भरत नाही हो, काका. तुमच्यासारखे दयाळू गावोगाव आहेत." मला हसावं की रडावं कळेना.

तुला तेव्हाच कळवणार होतो. तेवढ्यात तुझं पहिलं पत्र आलं, एका ओळीचं. 'चाटू कसा आहे?' त्यात बाबांची चौकशी नाही, माझी नाही. मी लिहिलं, 'छान आहे.' तू पुन्हा विचारलंस. मग मी त्याला वाढवत नेला, वीतभर, हातभर. बाबा गेले तेव्हाही तू आली नाहीस, पण तो नीट खातो का ते विचारलंस. तो गेला असं लिहिलं तर तुझी पत्रं थांबतील, या भीतीने मी खोटं बोलत राहिलो. तुझी फार आठवण यायची गं. अजून येते.

परवा तर हद्दच केली. टाकीची फट बुजवली आणि जाळ्यातला एक हातभर सकर आत सोडला. तुला काय कळणार होतं? वहिनी म्हणाली, "बहिणीला फसवाल, मग तोंड कुठे लपवाल?" संध्याकाळी तो काढला आणि पुरला. जन्मात पहिल्यांदा बाबांचा नियम मोडला.

टाकी रिकामी आहे. भाचीसमोर कान धरून उभा राहीन. तुझी गाडी साडेदहाला येते ना? मी नऊपासून फलाटावर असेन. तू उतरली नाहीस तर पुढच्या गाडीलाही थांबेन.

आजवर प्रत्येक पत्राखाली 'चाटू आणि दादा' अशी सही केली. आज एकट्याची करतोय. एवढ्यावर येशील का?

तुझा
दादा