तोंडात टाचण्या

५ जानेवारी

आले एकदाची. जहाज म्हणतात याला, पण मला तर पाण्यावर तरंगणारं आख्खं गाव वाटलं. दुकानं आहेत, नाटकगृह आहे, केस कापायचं सलून आहे, आणि चहूकडे समुद्र पडलेला असताना पोहायला वेगळा तलावही आहे. श्रीमंतांचं सगळंच न्यारं. प्रवासी बहुतेक पिकली पानं. कामधंदे करून झाले, आता जगाला एक फेरी मारायची आणि निघालो तिथंच परत उतरायचं.

मी इथं कामाला आलेली शिंपीण, माझी जागा अगदी खाली, शिवणखोलीत. दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना टेकतात. मशीन जमिनीला बोल्टनं आवळलेलं, कात्र्या दोरीनं बांधलेल्या, आणि एक गोल खिडकी, तिच्यातून पाणी डोकावतं. शेजारी धुलाईखाना. तिथली इस्त्रीवाली माझ्याच केबिनमध्ये वरच्या बंकवर झोपते. गोल चेहऱ्याची, हसरी. पहिल्याच दिवशी स्वतःची उशी मला देऊन मोकळी झाली.

हे गेल्यापासून मी घरात भिंतींशी बोलायला लागले होते. लेकीनंच ढकललं, की आई, जरा जग बघून ये, फक्त माझ्या वेळेला हजर राहा. मार्चच्या मध्याला जहाज आमच्याच बंदराला लागणार. तिथं मी उतरायचं, आणि महिनाअखेर तिचं बाळंतपण. जावई भला माणूस, पण दाढी करताना कापलं तरी त्याला भोवळ येते. तेव्हा मला पोचायलाच हवं. शब्द दिलाय.

११ जानेवारी

पोटातलं सगळं समुद्राला देऊन झालं, आता बरं आहे. काम भरपूर. लोक दिवसभर खातात आणि मग कपडे आटले म्हणून माझ्याकडे येतात. मीही कापडालाच दोष देते.

जहाज डुललं की सुई बोटात शिरते. सांधे तर आधीच कुरकुरणारे. अंगुस्तान घालायची सवय मला कधी लागली नाही, आणि टाचण्या तोंडात धरायची कधी सुटली नाही. हे चिडायचे, एक दिवस गिळशील म्हणून. पण त्याच माणसानं फायदाही उठवला. मित्रांबरोबर कुठं जायचं असलं की मुद्दाम माझ्या तोंडात टाचण्या असताना विचारायचे. मी हं म्हणायचे, आणि संध्याकाळी भांडण. टाचण्यांतलं हं म्हणजे कबुली नव्हे, हे मी त्यांना आयुष्यभर ऐकवलं. आज ते आठवून एकटीच हसले.

२२ जानेवारी

वरच्या मजल्यावरच्या एका बाईंचा कोट आला. गर्द लाल मखमल, अस्तर विरलेलं, खालची कड सुटलेली. सगळे त्यांना मखमलबाईच म्हणतात. फेरीमागून फेरी त्या इथंच असतात, बंदर आलं तरी उतरत नाहीत. कोट त्यांच्या अंगावर चढवला आणि मी गुडघ्यांवर बसून कड टाचायला घेतली. बाई बोलक्या. घर आठवतं का, समुद्र मानवला का, बोटं दुखतात का, पुढच्या फेरीला राहशील ना. मी आपली सगळ्याला हं. माझं लक्ष कडेवर.

मग बाही घेतली आणि नेमकं जहाज हललं. टाचणी त्यांच्या मनगटात गेली, चांगली निम्मी. मी शरमेनं मेले. त्या मात्र बोलतच होत्या. रक्ताचा थेंब नाही. बाहीवर दोरा चिकटलेला बघावा तसं त्यांनी मनगटाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, चालू दे. म्हातारपणी कातडी मरते, अशी मी मनाची समजूत घातली. टाचणी ओढून काढताना माझ्याच अंगावर काटा आला.

कड शिवून झाली. अस्तराचं कापड पुढं कुठल्याशा बंदरावर मिळेल, तोवर कोट माझ्याकडेच टांगलाय.

३ फेब्रुवारी

समुद्राची हवा भलतीच गुणकारी. बोटं दुखायची थांबली. सकाळी उठून मुठी वळते, उघडते, कुरकुर नाही. लेकीला फोनवर सांगितलं तर म्हणाली, मग येतेस कशाला, राहा तिकडेच. चेष्टेत म्हणाली. तिला पाय सुजल्याचा त्रास आहे. बाळ रात्रभर लाथा मारतं म्हणे. आजोबांवर गेलंय, दुसरं काय.

१० फेब्रुवारी

आज जे पाहिलं ते लिहायला हात धजत नाही, पण लिहिते.

जेवण झाल्यावर धुलाईखान्यात गेले. इस्त्रीवाली चादरी करत होती, तोंडानं स्वयंपाक्यांची थट्टा चालू. एक हात इस्त्रीवर. दुसरा हात चादरीवर, आणि इस्त्री त्या हातावर. तशीच ठेवलेली. वास आला तेव्हा मी ओरडले आणि इस्त्री ढकलली. तिनं तळहात उलटासुलटा करून पाहिला, ओल्या फडक्यात गुंडाळला आणि स्वयंपाक्याची उरलेली गोष्ट पूर्ण केली.

११ फेब्रुवारी

तिला बसवून घेतलं आणि विचारलं. काही लपवलं नाही तिनं. इथं कुणावर जबरदस्ती होत नाही म्हणाली. जहाज फक्त विचारतं, कुणाच्या तरी तोंडून, की पुढच्या फेरीला राहशील ना. हो म्हटलं की आधी दुखणं जातं. मग आपली माणसं मनातून जातात. मग उतरावंसं वाटत नाही. तुझं बंदर आलं की एकदा परत विचारतात. तेव्हाही हो म्हटलं की संपलं. म्हणजे आधी कच्चा टाका आणि मग पक्की टीप. माझ्याच धंद्याची रीत.

तिचं घरी कोण आहे, असं विचारलं. एक मूल होतं म्हणाली. मुलगा की मुलगी, ते सांगायला ती थांबली. आठवेना तिला. मग हसून कामाला लागली.

खोलीत येऊन डाव्या अंगठ्यात सुई खुपसली. काही नाही. डाव्या हाताची सगळी बोटं झाली. काही नाही. तेव्हा तो कोट आठवला, आणि माझं ते हं.

१२ फेब्रुवारी

भांडायला वर गेले. मखमलबाई उन्हात आरामखुर्चीवर चहा घेत होत्या. मी स्पष्ट सांगितलं, की तोंडात टाचण्या असताना शिंपीण हं करते ती बोलता येत नाही म्हणून. तो शब्द नव्हे. माझ्या नवऱ्याला कधी मानू दिला नाही, तर तुम्ही कोण. त्या गोड हसल्या आणि म्हणाल्या, जहाज काही तुझा नवरा नाही. आजूबाजूच्या खुर्च्यांवरचे सगळे माझ्याकडे बघून तसंच हसले. इतकी शांत माणसं मी जन्मात पाहिली नाहीत. कुणाचा गुडघा दुखत नव्हता. या वयात.

मीही ऐकवलं, की माझं दुखणं माझ्या कमाईचं आहे. एकेक कळ शिवणकाम करून मिळवलीय. ती मला परत हवी.

१९ फेब्रुवारी

लेकीचा फोन. रडत होती, भीती वाटते म्हणाली. मला वाईट वाटायला हवं होतं. मी भिंतीवरचा खिळा बघत होते.

फोन ठेवल्यावर राग आला. राग अजून शाबूत आहे. त्यावरच भागवायचं आता.

२ मार्च

वाटेतलं बंदर. म्हटलं, आपल्या बंदराची वाट कशाला बघा, इथंच उतरू, पुढचं पुढं. पिशवी घेऊन शिडीपर्यंत पोचले. तिथं उभी राहिले आणि कशाला आले होते ते आठवेना. लोक वाट मागायला लागले. परत खाली आले आणि कुणाच्याशा शर्टाची बटणं लावत बसले. शेवटचं बटण लागलं तेव्हा आठवलं. जहाज सुटलं होतं.

५ मार्च

मी पण मूर्खच. जे शिवलं ते उसवता येतं, हे मला कुणी दुसऱ्यानं सांगायला हवं? ते हं त्या कडेत शिवलं गेलंय. कोट खाली घेतला, वीतभर कड उसवली आणि अंगठ्यात सुई घातली.

दुखलं. अगदी डोळ्यांत पाणी येईस्तोवर दुखलं. लेकीचा चेहरा स्वच्छ दिसला, कपाळावरच्या जखमेच्या खुणेसकट. इतकं छान मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

६ मार्च

सकाळी कड परत शिवलेली. टाका बारीक, तिरका. टाका माझाच. बोटाला लाल मखमलीची लव चिकटलेली.

झोपेत मीच—

९ मार्च

दिवसा उसवते. सकाळी शिवलेलं असतं. काल हात पलंगाला बांधून झोपले. गाठीही मीच सोडल्या असणार.

पण हार मानायला मी काही आजची पोर नाही. उसवून भागत नसेल तर कापायचं. आख्खी कड कात्रीनं उतरवली आणि इस्त्रीवालीपुढं टाकली. जाळ म्हटलं. ती चादरीवर इस्त्री फिरवत राहिली. मी सांगितलं, की माझ्या लेकीचे दिवस भरत आलेत, तिला माझ्याशिवाय कुणी नाही, आणि तुझंही कुणीतरी असंच वाट बघत बसलं असेल.

तिनं कड इस्त्रीखाली ठेवली. धूर निघेपर्यंत दाबून धरली. मग एकदम चटका बसल्यासारखा हात मागं घेतला आणि हात धरून खाली बसली. मुलगा होता म्हणाली. मुलगा.

१० मार्च

दहाही बोटं दुखतात. सांधे कुरकुरतात. ये बाई ये, सगळी ये.

१३ मार्च

जीभ जड झालीय. गरम चहा लागला नाही, भाजल्याचं कळलंही नाही. हात सुटले, पण ते हं तोंडातून गेलं होतं. तोंड अजून त्यांच्याकडेच आहे.

इस्त्रीवालीशी बोलायला गेले. नाही म्हणायचं होतं, कसलंतरी साधं नाही. हं निघालं. दुसऱ्यांदा प्रयत्न केला. हं.

१५ मार्च, सकाळ

बंदर दिसतंय. गोल खिडकीतून क्रेन दिसतात, आमच्या. लेक धक्क्यावर येणार होती एवढं पोट घेऊन, नको म्हटलं तरी—

जीभ चावून पाहिली. रक्त येतं. कळ येत नाही.

इस्त्रीवालीनं पिशवी भरून दिली, स्वतःचीही भरलीय. दारात उभी आहे. कुणी येतंय म्हणाली.

पावलं ओळखीची. कोट न्यायला आल्यात, कड नसलेला कोट. त्या विचारणार. मी तोंड उघडलं तर हंच निघणार. उघडणारच नाही. तोंडात टाचण्या भरल्यात, मूठभर. ओठ घट्ट.

लिहिणारा हात माझा आहे. दुखतोय. हे पान त्यांच्या नाकासमोर धरणार, मोठ्या अक्षरांत.

आल्या. हसताहेत. विचारलं.

घशातून काहीतरी वर येतंय. दाबून धरलंय. त्याआधी लिहून होऊ दे. एकच शब्द—

ना