गोदाची एका सीटची गाडी

उस्मानपुरा, औरंगाबाद
१४ नोव्हेंबर २०१४

तीर्थस्वरूप कारभारी दाजींच्या पायांशी रामकिसनचा साष्टांग नमस्कार.

पाकीट पाहून घाबरू नका, इकडं सगळे जिवंत आहेत. (हल्ली पत्र येतं ते बँकेचं नाहीतर कोर्टाचं, म्हणून आधीच सांगून टाकलं.) तुमचा खोकला उतरला का? अडुळशाचा काढा पितो म्हणून आक्काला सांगता आणि तुळशीच्या बुडाशी ओतता, हे मला मागच्या दिवाळीत दिसलं होतं. तेव्हा बोललो नाही, कारण बहिणीच्या घरी भांडण लावून निघू नये असं आमची आई सांगायची. पण काढा पीत जा, थंडी वाढतेय. खरं तर फोनच करणार होतो, पण माझं अर्धं वाक्य झालं की तुम्ही "बरं मग?" म्हणता आणि मला पुढचं आठवत नाही. पत्रात तुम्हाला मधे बोलता येत नाही. अक्षर सांभाळून घ्या. मी दोन वर्ग उर्दूत शिकलो, तेवढ्यात पोलीस ॲक्शन झाली, मास्तर बदलले आणि मला मराठीत पुन्हा पहिलीत बसवलं. दोनदा पहिली शिकलेला माणूस पुढं कुठवर जाणार?

मुद्दा असा, की कन्नडच्या बाजारात तुम्ही चार माणसांत म्हणालात, "रामकिसनला म्हातारचळ लागलाय. नातीला शर्यतीची गाडी घेऊन दिली, अन् ती बी जुनी!" हे मला कोणी सांगितलं ते मी सांगणार नाही. (आक्कानं सांगितलं.) दाजी, यातलं 'जुनी' एवढंच खरं आहे. घेऊन मी दिली नाही. गोदानं पाच वर्षं वाळूजच्या कारखान्यात इंजिनीयरची नोकरी करून स्वतःच्या पगारातून घेतली. आणि शर्यतीचं म्हणाल तर तसलं काही नाही. तिकडं कोइमतूरला गाड्यांसाठी वळणावळणाचा एक बंदिस्त रस्ता आहे. फी भरली की दिवसभर तिथं आपली गाडी पळवायची. समोरून कोणी येत नाही, मधे म्हैस बसत नाही, रिक्षावाला हात न दाखवता वळत नाही. आपल्याला एका फेरीला किती वेळ लागला ते घड्याळावर बघायचं आणि पुढच्या फेरीला तो कमी करायचा, एवढंच. डोक्यावर हेल्मेट, अंगात न जळणारे कपडे, आणि ॲम्ब्युलन्स सकाळपासूनच येऊन उभी. औरंगपुऱ्यात मी भाजीला जातो तेव्हा माझ्यासाठी कोण ॲम्ब्युलन्स उभी करतं?

(हे सगळं मी तुम्हाला आता मोठ्या धीरानं सांगतोय. पहिल्यांदा गोदानं मला सांगितलं तेव्हा माझी दोन रात्री झोप उडाली होती, हे आक्काला सांगू नका.)

आता पोळ्यानंतर घडलं ते सांगतो. बद्रीनाथचं, म्हणजे तिच्या बापाचं, म्हणणं होतं की पाच वर्षांच्या पैशात पोरीनं प्लॉट घ्यावा. तो म्हणाला, "मी बघायला येणार नाही." गोदा म्हणाली, "ठीक आहे पप्पा." आणि एकटी निघाली. आपल्याकडं साधं वासरू घ्यायचं तरी सोबत एक जाणता माणूस लागतो. म्हणून मी टोपी घातली, उपरणं खांद्यावर टाकलं आणि म्हणालो, मी येतो. पोरीनं माझ्या पायाला हात लावला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण दाजी, खोटं कशाला बोलू, मी निघालो होतो मोडता घालायला. प्रत्येक गाडीत खोड काढायची, दोन-तीन रविवार असेच घालवायचे, मग पोरगी कंटाळेल आणि तिची मान शाबूत राहील, असा माझा हिशेब होता. खोड काढण्यात मला हयातीत कोणी हरवलेलं नाही, तुमच्या लग्नापासून तुम्हाला ठाऊक आहेच.

सोबत फारूख होता. आमच्या कोपऱ्यावरचा मेकॅनिक, बद्रीनाथची स्कूटर बारा वर्षं तोच चालती ठेवतोय. पहिली गाडी बघितली ती नुसतीच लाल. पाठीवर मोठा पंखा, अंगभर चिठ्ठ्या चिकटवलेल्या, आणि आवाज असा की शेजारच्या गोठ्यातली म्हैस पान्हा चोरेल. गोदानं बॉनेट उघडलं, बंद केलं आणि मालकाला नमस्कार करून परत फिरली. फारूख म्हणाला, "दादाजी, ऊपर शेर की खाल है, अंदर बकरी." मी खूष. एक रविवार गेला.

दुसऱ्या रविवारी जालना रोडला पुंजाराम म्हणून एका दलालाच्या शेडमध्ये गेलो. तिथली गाडी बघून मी आधी पोलिसांत कळवा म्हणालो. कारण आत चोरी झालेली दिसत होती. मागची सीट नाही, शेजारची सीट नाही, गालिचा नाही, दारांना आतून अस्तर नाही, टेप नाही, एसी नाही. सगळीकडं उघडा पत्रा, आणि मधे एकच सीट, चिलटासारख्या माणसाला बसेल अशी. पुंजाराम म्हणाला, "बाबा, हे काढायलाच तर पैसे लागलेत. वजन कमी, तेवढी किंमत जास्त." दाजी, बैलाची हाडं दिसायला लागली तर आपण किंमत पाडून मागतो. इथं हाडं दिसतात म्हणून किंमत वाढते. मी मनात म्हणालो, ही खोड सगळ्यात भारी, एवढ्यावरच परत फिरू.

पण मी तोंड उघडायच्या आत गोदा जमिनीवर पाठ टेकून गाडीखाली शिरली. चांगला कुडता घातलेला होता हो. आत लोखंडी नळ्यांचा एक पिंजरा जोडलेला असतो. मी विचारलं, "माणसाला पिंजऱ्यात कशाला घालतात?" तर खालून आवाज आला, "आजोबा, गाडी उलटली तर पत्रा चेपतो, हा नाही चेपत." मग ती वर आली आणि त्या पिंजऱ्याच्या एकेका जोडावरून बोट फिरवत गेली. घाई नाही, बोलणं नाही. आमचे वडील बैलाच्या पायावरून हात फिरवायचे ना, अगदी तसं. वडील गेले तेव्हा ही जन्मलीसुद्धा नव्हती. हे तिला कोणी शिकवलं असेल? माझ्या डोळ्यांत काहीतरी गेलं. शेडमध्ये धूळही होती.

तेवढ्यात मी बॉनेटवर हात ठेवला. दाजी, बॉनेट गरम! आम्ही यायच्या आधी गाडी चालू करून ठेवलेली. तुम्हाला ते वैजापूरचं खोंड आठवतं का, तुम्ही घेतलेलं? (तुम्हाला आठवायचं नसणार, पण गावाला आठवतं.) पायात दोष असलेलं जनावर व्यापारी गिऱ्हाईक यायच्या आधी दोन कोस चालवून आणतो. अंग गरम झालं की लंगडणं दिसत नाही. घरी आणून सकाळी सोडलं की तीन पायांवर. तेव्हा मी उपरणं झटकलं, पुंजारामच्या खुर्चीत बसलो आणि म्हणालो, "पाव्हणं, गाडी थंड होऊ द्या. मग बोलू."

"बाबा, दोन-तीन तास लागतील."

"लागू द्या. मला घरी जाऊन तरी काय करायचंय?"

"आवं पर मला जेवाय जायचंय."

"जाऊन या की. म्या इथं राखणीला बसतो."

तो गेला नाही. आम्ही तीन चहा प्यालो (दोन त्यानं पाजले, तिसऱ्याला तो उठला नाही), आणि उन्हं कलल्यावर गाडी हाताला गार लागली. फारूखनं किल्ली फिरवली. एकदा नाही, दोनदा नाही, तिसऱ्यांदा चालू झाली ती खोकत, तुमच्यासारखी, आणि मागून निळा धूर. फारूख म्हणाला, "तेल पी रई ये. पुंजाभाऊ, ये नई बोले तुम." पुंजारामनं टोपी काढून डोकं खाजवलं.

झालं, म्हटलं जिंकलो. गाडी बाद, पोरीची मान वाचली. मी उठलोसुद्धा. आणि गोदाकडं बघितलं तर ती डोळे मिटून त्या खोकण्याचा आवाज ऐकत उभी होती. मग म्हणाली, "इंजिन मी उघडीन. फारूखचाचा आणि मी, दोन महिन्यांत. पण असा पिंजरा मला दुसरीकडं मिळणार नाही आजोबा, आणि जीव त्यात आहे." जीव त्यात आहे! आख्खा दिवस मी तिच्या मानेची काळजी करत खुर्चीत बसलो होतो, आणि पोरगी तेच सकाळपासून बोटानं तपासत होती. दाजी, त्या घटकेला मी बाजू बदलली. तुम्ही याला म्हातारचळ म्हणता, तुम्ही म्हणा.

मी पुंजारामचा हात धरला आणि बैलबाजारात टाकतात तसं वरून उपरणं टाकलं. तो गंगापूरकडचा शेतकऱ्याचा मुलगा निघाला, बोटं दाबून भाव करायची भाषा त्याला बरोबर समजली. उपरण्याखाली आमची चांगली पंधरा मिनिटं झटापट झाली. गोदा आणि फारूख आमच्या तोंडाकडं बघत होते. फारूखला वाटलं मी त्याला मारतोय. शेवटी इंजिनाच्या खोकल्याचे पैसे पुरेपूर कापून सौदा झाला. गोदाला आकडा सांगितला तर तिनं भर शेडमध्ये मला मिठी मारली. पुंजारामच्या डोळ्यांदेखत. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, मला मिठीची सवय नाही, माझी टोपी पडली.

इथवर माझं काही चुकलं नव्हतं. पुढं आनंदाच्या भरात एक झालं. आपल्यात बैल विकला तरी दावं मालकाकडंच राहू द्यायचं असतं, दाव्याबरोबर गोठ्याची लक्ष्मी जाऊ नये म्हणून. मी कधी कोणाचं दावं घेतलेलं नाही. तर त्या सीटला रुंद पट्टे होते, चांगले पाच, मधे कडी. मी ते खटाखट सोडवले, घडी घातली आणि पुंजारामच्या हातात देऊन म्हणालो, "दावं तुमचं तुम्हाला." त्यानंही कपाळाला लावून घेतले आणि लगेच कपाटात ठेवून कुलूप लावलं. फारूखनं कपाळावर हात मारला. वळणावर माणसाला सीटशी धरून ठेवणारे तेच पट्टे, हे मला गाडी नेणाऱ्या टेम्पोत बसल्यावर कळलं. मी परत फिरा म्हणालो. गोदा म्हणाली, "असू द्या आजोबा, पट्ट्यांना तारीख असते, यांची उलटून गेली होती. नवेच घ्यायचे होते." मला हायसं वाटलं. पण आकडे मला वाचता येतात दाजी. पट्टे सोडवताना त्यांवरची चिठ्ठी मी बघितली होती. २०१६ लिहिलं होतं. माझी टोपी परत पडू नये म्हणून पोरगी खोटं बोलली. मी पण बोललो नाही. नवे पट्टे तिनं मागवलेत, आणि ते मी स्वतः ओढून बघणार आहे.

गाडी टेम्पोवरून गल्लीत आली, तर सगळ्यांना वाटलं अपघात झाला. आतून पोखरलेली गाडी टेम्पोवर बांधून आणल्यावर लोकांना दुसरं काय वाटणार? समोरच्या लक्ष्मीबाई पदर डोळ्याला लावून आल्या आणि आमच्या मंडळीला, द्वारकाबाईला, धरून रडल्या, "जीव वाचला ना गं, गाडी काय पुन्हा घेता येईल." द्वारकाबाई आधी रडली आणि नंतर तिनं विचारलं, काय झालं. मग पेढे वाटले. बद्रीनाथ गच्चीवरून बघत होता. खाली आला नाही, पण दुसऱ्या दिवशी पहाटे गाडीवर ताडपत्री घातलेली दिसली. घरात ताडपत्री नव्हती. कोणी आणली ते कोणी विचारलं नाही.

तर असं आहे. आता बाजारात पुन्हा विषय निघाला तर चार माणसांना हे वाचून दाखवा. आक्काला नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक,
रामकिसन

ता. क. बॉनेटचा भाग बाजारात वाचाल तिथं हे वाचू नका. बॉनेटवर हात मी तपासायला ठेवला नव्हता. उभं राहून राहून माझा गुडघा गेला, पडू नये म्हणून टेकलो, आणि हात भाजला. वैजापूरचं खोंड मला त्यानंतर आठवलं. पण आठवलं ना?

पुन्हा ता. क. इंजिन झालं. जानेवारीच्या दुसऱ्या शनिवारी कोइमतूर. तिथं एक फॉर्म भरावा लागतो, काही झालं तर कळवायचं कोणाला म्हणून. त्यात पोरीनं बापाचं नाही, माझं नाव लिहिलं, आणि माझं तिकीटही काढलं. मी हो म्हणून बसलोय. दाजी, मी येणं-जाणं सगळं करीन, पण ती गाडी सुटली की मी डोळे मिटणार, हे मला आत्ताच कळतंय. बघणं माझ्यानं होणार नाही. आणि संध्याकाळी ती विचारणार, आजोबा, कशी चालवली? तुमचं काळीज घट्ट आहे, खोंड विकत घेतानासुद्धा तुम्हाला काही वाटलं नव्हतं. तेव्हा एक तिकीट तुमचंही काढायला सांगितलंय. माझ्या शेजारी बसा, तुम्ही बघा, आणि मला हळूच सांगत राहा. "बरं मग" मी म्हणेन.