दहा वाजता

रविवार, ९ फेब्रुवारी

ओकले. पक्षी बघायच्या बोटीवर, बंदराचा दिवा दिसेनासा व्हायच्या आतच! गोळी घेतली होती, आल्याचा तुकडा दाढेखाली होता, कशाचा काही उपयोग नाही. "सूनबाई, मासे आशीर्वाद देतील हो तुला," हा बाबांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, ठरलेला विनोद. सगळी बोट हसते. मीही हसते – पिशवीत तोंड घालून.

निघतानाच घरी खटका उडाला होता. जिन्याची शेवटची पायरी बाबांना दिसली नाही, आपटणारच होते. आई म्हणाल्या, "बुधवारी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचंय. या वेळी टाळाटाळ चालणार नाही." बाबा म्हणाले, "आज समुद्रावर एक जरी पक्षी चुकीचा सांगितला ना, तर मुकाट्याने येतो." आणि दिवसभर एकही चुकले नाहीत. कुरव, सुरय, सगळे बरोबर. अर्थात ते मोठे पक्षी, जवळून जाणारे.

परतताना ते झालं. मी मागच्या बाकावर, मागेच तोंड करून बसलेली. पुढून बाबांचा आवाज – "दहा वाजता! काळा, लहान! दहा वाजता!" बोटीचं नाक म्हणजे बारा, त्या हिशेबाने दहा म्हणजे पुढे, डावीकडे. सगळ्या दुर्बिणी तिकडे वळल्या. नुसतं पाणी. "कुठेय काका?" – "आत्ता होता... लाटेला चिकटून गेला बघा. स्टॉर्म पेट्रेल." तो पक्षी आमच्या पाण्यात कित्येक वर्षांत कुणाला दिसलेला नाही. फोटोवाल्याने कॅमेरा खाली घेतला आणि शेजारच्याकडे बघून भुवया उडवल्या. बाबांचं बोट तसंच हवेत.

आमच्या पक्षीवाल्यांत एकट्याने पाहिलेला पक्षी नोंदीत धरत नाहीत. दोघांनी पाहायला लागतो. "आणखी कुणी पाहिला का?" ताईंनी विचारलं – सफरी त्याच काढतात, शाळेत शिकवतात, आवाजही तसाच.

मी हात वर केला.

बाबांचं ते बोट मला बघवेना, हे खरं. पण एवढंच खरं असतं तर मी आज स्वस्थ झोपले असते. लोकांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा मला छान वाटलं! दोन वर्षांत पहिल्यांदाच त्या बोटीवर मी ओकणारी बाई नव्हते.

सोमवार, १० फेब्रुवारी

ताईंचा फोन. दोघांनी आपापलं वर्णन लिहून पाठवायचं, एकमेकांशी न बोलता. बाबा दार लावून लिहायला बसले, परीक्षेला बसल्यासारखे. मी स्वयंपाकघरात पुस्तक उघडलं. चित्रातल्या पक्ष्याच्या कमरेवर पांढरा पट्टा आहे. बाबा तर नुसतं 'काळा, लहान' ओरडले होते. म्हणून पट्टा गाळला. खोटं बोलायलाही अभ्यास लागतो!

बुधवार, १२ फेब्रुवारी

बाबा डॉक्टरांकडे गेले नाहीत. "मी पाहिला, सूनबाईने पाहिला. मग माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय?" आई माझ्यापाशी आल्या. मी भांडी घासत होते. "तू खरंच पाहिलास ना गं?" त्यांनी हळू विचारलं. मी नळ मोठा सोडला आणि 'हो' म्हटलं. आईंनी लगेच फोन करून वेळ रद्द केली. माझ्या शब्दावर! लग्न झाल्यापासून या बाईने माझ्या एका शब्दावर कधी शंका घेतली नाही. ताटं दोनदा घासली मी. आपलीच किळस येते.

शनिवार, १५ फेब्रुवारी

फोटोवाल्याचा फोन. "वहिनी, रागावू नका हं, सहज विचारतो. तुम्ही मागच्या बाकावर होतात ना? तिथून दहा वाजताचं काही दिसायला मध्ये केबिन येते." मी म्हटलं, उभी राहिले होते. "अच्छा," तो म्हणाला. नुसतं अच्छा. दिवसभर ते अच्छा माझ्या मागे मागे हिंडतंय.

संध्याकाळी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो कपडे वाळत घालत होता. चक्क हसला! "अगं, एका पाखराने काय आभाळ कोसळतंय? म्हातारा किती खूश आहे बघ." मी म्हटलं, पाखरू जाऊ दे, त्यांच्या डोळ्यांचं काय? "जातील की पुढच्या महिन्यात. मी नेतो." मला कुणीतरी असंच म्हणायला हवं होतं. मी ते लगेच पटवून घेतलं आणि चिमटे त्याच्या हातात देत राहिले.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

नोंद मान्य झाली. बाबांनी साऱ्या जगाला फोन केले. प्रत्येकाला शेवटी – "अहो, माझी सून साक्षीला आहे!" मी शेजारच्या खोलीत उशांना अभ्रे घालत होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग मला बोलावून त्यांनी आपली दुर्बीण माझ्या गळ्यात घातली. ती कुणी नुसती हलवली तरी चिडणारा माणूस. "आता मागे बसायचं नाही. पुढे, माझ्या शेजारी. ओकायचं तरी पुढे बसून ओकायचं." पट्टा माझ्या मापाचा करायला बराच वेळ लागला. बक्कल त्यांना सापडत नव्हतं. बोटांनी चाचपून लावलं.

मी बघितलं ते. बघून गप्प बसले.

बुधवार, १९ फेब्रुवारी

दुपारच्या चहाला सांगायचं ठरवलं होतं. कप भरले, समोर बसले, 'बाबा' अशी हाकही मारली. "काय गं?" – "साखर पुरे ना?"

गुरुवार, २० फेब्रुवारी

बाबा पेपर वाचताना डावा डोळा मिटून घेतात. विचारलं तर म्हणाले, "उजेड कमी पडतो इथे." मी स्टूल घेतलं, चढले आणि बल्ब बदलला. बल्ब! मला सगळं माहीत असताना मी काय केलं, तर बल्ब बदलला. "आता कसं लख्ख!" बाबा म्हणाले. पेपर घडी करून ठेवून दिला त्यांनी. वाचला नाही.

शनिवार, २२ फेब्रुवारी

डोळ्यांच्या दवाखान्यात बाकावर बसून लिहितेय. आई शेजारी आहेत. माझ्याशी बोलत नाहीत.

सकाळी बाबा चहाचा कप हातात धरून समोरच्या पांढऱ्या भिंतीकडे बघत बसले होते. मग हळूच म्हणाले, "दहा वाजता." मी वळून पाहिलं. कोरी भिंत. "तोच आहे गं. तसाच काळा. आता मोठा झालाय. मी बघेन तिकडे सरकतो." त्यांनी बोट वर केलं. "तुला दिसतोय ना?"

"नाही, बाबा. तेव्हाही दिसला नव्हता."

मघाशी आत डॉक्टरांनी विचारलं, "हे असं कधीपासून दिसतंय?" तारीख मी सांगितली.