माशाच्या मुठीचा चाकू

५ जानेवारी, रविवार

माळेगावच्या जत्रेतून आणलेला पोपट आज ब्रशनं धुतला. पोपट म्हणजे चाकू. मूठ पितळी, पोपटाच्या आकाराची, पातं पाठीत मिटतं. इंग्रजीत ह्याला फिगरल पॉकेट नाइफ म्हणतात. जर्मनीत शंभर वर्षांपूर्वी असले लई व्हायचे. मासा, बूट, कुत्रं, बाईचा पाय. नांदेडात ह्या विषयात मी एकटाच काम करून राहिलो. कॉलेजवर इतिहास शिकवतो, सीएचबीवर, म्हणजे तासाच्या पैशांवर का असेना, त्यामुळं नजर तयार आहे.

नवीन वर्षाचे संकल्प दोन. कलेक्शन सीरियसली वाढवायचं. आणि बाबांना घेऊन रेणापूरला तनुजाच्या घरी लग्नाचं बोलायला जायचं. तनुजा म्हणते, पाडव्याच्या आत या, नंतर तिचे वडील लातूरच्या स्थळाला हो म्हणून मोकळे होतील. तिचे वडील म्हणजे भागवतकाका. पाडवा मार्चच्या शेवटी आहे. लई वेळ आहे.

१९ जानेवारी, रविवार

चाकूचं वय ओळखायची पद्धत फायनल केली. पातं जितकं काळं तितकं जुनं. ह्याला पॅटिना म्हणतात. सांध्यात पिवळं दिसलं तर पूर्वी सोन्याचा मुलामा होता असं धरायचं. शिवाय वास घ्यायचा. जुन्या लोखंडाला आंबूस वास येतो. हे कुठल्या पुस्तकात नाही, माझं स्वतःचं निरीक्षण आहे.

इतवाऱ्यात जीशानच्या भंगारच्या दुकानात मासा मिळाला. पितळी खवले, काळंकुट्ट पातं, सांध्यात भरपूर पिवळं, वास तर नाकात बसला. तिन्ही टेस्ट पास. शंभर वर्षं कुठंच गेली नाहीत. माल कुठून येतो विचारलं. जीशान म्हणाला, मंगल कार्यालय का माल है सर, लोगां भूल को जाते. म्हणजे खानदानी घराण्यातून येतो. प्रोव्हेनन्सचा, म्हणजे वस्तू मुळात कुणाची ह्याचा, प्रश्न मिटला.

९ फेब्रुवारी, रविवार

आज रेणापूरला जायचं ठरलं होतं. बाबा सकाळीच अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसले. तेवढ्यात जीशानचा फोन, सर, टांग आई है. म्हणजे बाईचा पाय. असला पीस दुसरा कुणी उचलला तर संपलं. दहा मिनिटांत येतो म्हणून निघालो. इतवाऱ्यात गर्दी. आलो तोवर बस गेलेली. दुसरी होती, पण एवढ्या उन्हाचं बाबांना कशाला.

बाबांनी शर्ट काढून खुंटीला लावला. तनुजाला कळवलं. ती बरं म्हणाली. दुसऱ्या कुणी तमाशा केला असता. समजूतदार आहे.

१० फेब्रुवारी, सोमवार

पाय आईला सापडला. उशीखाली. आई म्हणाली, हे काय हाय? मी म्हटलं, फिगरल. ती म्हणाली, मांडीपर्यंत हाय की रे. मग ब्लाउजपीसमध्ये गुंडाळून ज्वारीच्या डब्यामागं ठेवला, तुझ्या बापाला दाखवू नको म्हणाली.

मासा तिनं दुधाची पिशवी फोडायला घेतलेला होता. हातातून काढून घेतला. तर म्हणते, ही नवरदेवाची सुरी हाय. हळद लागली की हातात देतात, टोकाला लिंबू खोचून, दीठ लागू नये म्हणून. दोन दिवस लिंबात राहती, काळी पडंल नाहीतर काय. सांध्यात हळद बसलीय, डोळे फुटले का तुझे? मी तिला ऑक्सिडेशन समजावून सांगितलं. ती ऐकत नव्हती, भाकरी थापत होती. मग म्हणाली, तुझ्या हातात कधी यायची अशी सुरी?

विषय भलतीकडं नेण्याची आईला सवय आहे.

१५ मार्च, शनिवार

तनुजा नांदेडला आली होती. लातूरला क्लासेसवर बायो शिकवते, सुट्टी काढून आली. स्टँडसमोरच्या रसवंतीत बसलो. सगळे पीस रुमालात बांधून नेले होते. एकेक दाखवले. माशावर जरा जास्त वेळ गेला.

ती म्हणाली, मासा चांगला आहे, रेणापूरला कधी येतो? मी प्लॅन सांगितला. आधी कॅटलॉग, मग एखाद्या जर्नलमध्ये पेपर, मग रेणापूर. भागवतकाकांसमोर नुसता सीएचबी म्हणून जाण्यापेक्षा कलेक्टर म्हणून जाणं वेगळं. ती म्हणाली, बाबांसमोर कलेक्टर म्हणू नको, ते बंगला कुठं हाय विचारतील. मी हसलो. ती नाही हसली. म्हणाली, जरा माझ्याकडं बघून बोल ना, चाकूकडं काय बघून राहिलास.

मी बघितलं. रसात बर्फ जास्त होता. तिनं तो चमच्यानं काढून टेबलावर ठेवला आणि तो विरघळेपर्यंत आम्ही दोघंही त्याच्याकडं बघत बसलो. मग तिची बस लागली.

एकूण भेट पॉझिटिव्ह झाली.

३० मार्च, रविवार. पाडवा

गेलो नाही. सणाला एसटीला गर्दी असते, बाबांचे गुडघे धरलेले. शिवाय कॅटलॉग पोपटावरच अडकलाय. बाबांनी सकाळी विचारलं, शर्टाला इस्त्री करू का? म्हटलं, राहू द्या.

तनुजाचा फोन नाही. पोळ्या लाटत असेल.

६ एप्रिल, रविवार

तनुजाच्या स्टेटसला साखरपुड्याचे फोटो. मुलगा रुद्रेश, लातूरचा, इंजिनियर. उंच आहे.

दोनदा बघितले. साखरपुड्याला कायद्यात काही किंमत नाही, हे तिला माहीत असणार. वडिलांना गप्प ठेवायला केलं असेल. मला वेळ मिळावा म्हणून. हुशार आहे.

दुपारी पोपटाला तेल दिलं. काही वाटलं नाही. मॅच्युरिटी आली असं समजतो.

२० एप्रिल, रविवार

तनुजाच्या लग्नाची पत्रिका आली, १८ मे. निर्णय पक्का. हळदीच्या दिवशी जाऊन भागवतकाकांशी स्पष्ट बोलायचं. ऐनवेळी बोललं की माणूस ऐकून घेतो.

प्रॅक्टिस म्हणून बाबांना समोर बसवलं. तुम्ही भागवतकाका, मी मी. मी म्हटलं, काका, माझं तनुजावर मनापासून. बाबा म्हणाले, मग इतके दिवस कुठं होतास?

बाबा ह्या गोष्टी सीरियसली घेत नाहीत. प्रॅक्टिस बंद केली.

१७ मे, शनिवार. रेणापूर

सकाळी तनुजाचा फोन. रसवंतीनंतर पहिल्यांदाच. बसमध्ये बसलास का, तिनं विचारलं. अजून निघालो नव्हतो. म्हणाली, येताना एक चाकू आण, लातूरवाले नवरदेवाची सुरी घरी विसरून आले, इथं बायका भांडून राहिल्या. धार नसली तरी चालती.

एवढ्या सगळ्यांतून तिला माझीच आठवण झाली. ह्याचा अर्थ कुणीही लावू शकतो.

कुठला न्यावा ह्यात एक बस गेली. पायाचा प्रश्नच नव्हता. मासा नेला. सगळ्यात जुना.

भागवतकाका मंडपाच्या मागं आचाऱ्याला तेल कमी टाक म्हणून सांगत होते. मी म्हटलं, काका, एक बोलायचं होतं. ते म्हणाले, सत्यम, बरं झालं आलास, सुरी आण आधी. दिली. बोलायचं राहिलं, कारण त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता आणि त्या हाताला पिठाचा वास येत होता, घरच्यासारखा.

रुद्रेशच्या बहिणीनं पात्याच्या टोकाला लिंबू खोचलं. मी सांगितलं, अॅसिडनं पॅटिना जाईल. ती म्हणाली, दादा, हिला अजून काय व्हायचं राहिलंय? बायका हसल्या. रुद्रेशच्या हाताला हळद, हळदीच्या हातात मासा. लोकांनी फोटो काढले. नंतर तीच उष्टी हळद वाटीत घालून तनुजाकडं नेली.

मी खांबाला टेकून उभा होतो. काही वाटलं नाही. जेवायला बसा म्हणाले, बसलो.

१८ मे, रविवार

अक्षता पडल्या. काकांशी बोलणं झालं नाही, ते मांडवाच्या दारात पाहुणे घेत होते. दारात असलं बोलता येत नाही.

फोटोच्या वेळी चाकू मिटेना. लिंबाचा रस आणि हळद आत जाऊन खटका बसला होता. रुद्रेश उघडं पातं धरून थकला होता. माइकवर कुणीतरी म्हणालं, चाकूवाले जिथं कुठं असतील तिथून स्टेजवर या. गेलो.

दोघांच्या मध्ये उभं राहून खटका दाबायला लागलो. फोटोग्राफर म्हणाला, भाऊ, असेच राहा, फक्त वर बघा. मी खाली बघत होतो, खटका हलत होता. फ्लॅश पडला. त्याच वेळी पातं मिटलं, माझ्या अंगठ्यावर.

धार नव्हती म्हणतात, पण होती. तनुजानं ताटातली हळद चिमटीत घेऊन अंगठ्यावर दाबली. दाबून धर, म्हणाली. तिची बोटं मेंदीनं गार होती. रुद्रेश चांगला माणूस आहे, त्यानं स्वतःचा रुमाल दिला. मला बरं वाटावं म्हणून विचारलं, चाकू लई भारी आहे, किती जुना असंल?

मी म्हटलं, मागच्या लग्नसराईतला.

तनुजानं माझ्याकडं बघितलं. मीही बघितलं. मागं आहेराची लाईन थांबली होती, पुढं चला म्हणाले. मी दुसऱ्या बाजूच्या पायऱ्यांनी उतरलो. मासा रुद्रेशकडंच राहिला. मागितला नाही.

बस लातूरवरून भरूनच आली, तरी चाकूरच्या एका मामांनी सरकून जागा दिली. रुमाल बघून म्हणाले, लग्नाहून का? हाव म्हटलं. कुणाचं होतं?

ओळखीतलं, म्हटलं.

ते म्हणाले, जेवण काय होतं? मला आठवेना.